मेलेल्या रानडुकराची नोंद कोण ठेवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भाताची सोंगणी जवळ आली की वर्तमानपत्रांतून रानडुकरांच्या बातम्या सुरू होतात. अमक्या शिवारात भुईमूग उकरून टाकला, तमक्या गावात मका आडवा केला, पंचनामे रखडले, भरपाई मिळाली नाही. बातम्या खऱ्या असतात. माझ्या भाच्याची नागली दोन हंगाम अशीच गेली, त्यामुळे रानडुकराची बाजू घ्यायला मी हे पत्र लिहीत नाही. डुक्कर जिवंत असताना काय काय करते याचा हिशेब आपण सगळेच ठेवतो. ते रानात आपोआप मरून पडते तेव्हा त्याची नोंद कोण ठेवतो, एवढेच विचारायचे आहे.

मी पशुसंवर्धनाच्या कामात पशुधन पर्यवेक्षक होतो. सुरगाणा, पेठ, दिंडोरी अशी सगळी नोकरी नाशिक जिल्ह्यात, घाटमाथ्याच्या अंगाला झाली. पदवीने मी डॉक्टर नाही. पण त्या भागात सायकलच्या कॅरिअरला बर्फाचा थर्मास बांधून येणारा माणूस म्हणजे डॉक्टर, त्यामुळे निवृत्त होऊनही हाक तीच येते.

मागच्या दिवाळीच्या आधी भाच्याचा फोन आला. हरसूलच्या बाजूला त्याचे वावर आहे, वावराच्या खालच्या अंगाला ओहोळ आहे. "मामा, डुकरीण मेलीय ओहोळात. काल सांजच्याला पाण्यात बसलेली होती, हाकलली तरी उठंना. तुम्ही येऊन बघता का?" गेलो. असे जनावर दिसले की आधी लांबून एक फेरी मारायची, हात लावायचा नाही, ही जुनी सवय. तोंडाला, पायाला विजेच्या तारेचा चटका नव्हता. जबडा शाबूत होता, म्हणजे गावठी बॉम्ब चावलेला नाही. मानेला फासाची खूण नाही, अंगावर छर्रा नाही. अंगाने चांगली भरलेली, उपाशी मेलेली नव्हती. पण कानांच्या कडा आणि मांडीच्या आतली कातडी जांभळट पडली होती, आणि एका नाकपुडीतून पातळ रक्त येऊन वाळले होते. चिखलात खुरांचे ठसे पाण्याकडे गेलेले दिसत होते, परत फिरलेले नव्हते.

भाच्याने मोबाइल काढला. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६. जनावरांच्या दवाखान्याचा १९६२. हे दोन आकडे ज्यांनी ठरवले त्यांना माझा नमस्कार. चांगला शिकलेला माणूस गडबडीत एकाच्या जागी दुसरा लावील, तिथे गुराख्याचे काय! शेवटी ओळखीने दोन कार्यालयांत फोन लावले. कार्यालयांची नावे लिहीत नाही, कारण फोनवर बोललेली माणसे कामाची आहेत आणि त्यांच्या हातात तसा काही आदेशच नाही. एकीकडून विचारणा झाली, "शिकार झालीय का? नाही ना? मग ग्रामपंचायतीला सांगून पुरून टाका." दुसरीकडून उत्तर आले, "पाळीव असतं तर लगेच आलो असतो. रानडुक्कर आमच्यात येत नाही." दुपारपर्यंत वाट पाहिली. मग भाच्याने आणि गावातल्या दोन पोरांनी हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून खोल खड्डा घेतला, वर चुना टाकला, काटेरी फांद्या टाकल्या. नमुना कुणी घेतला नाही. ती कशाने मेली हे आता कधीच कळणार नाही. साप असेल, विषारी दाणे असतील, ताप असेल.

एका डुकरिणीसाठी एवढा आटापिटा कशाला, असे वाचकांना वाटेल. त्याचे उत्तर केरळात आहे. २०२२ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी तिथे अथिरापल्लीच्या जंगलात रानडुकरे मरू लागली. खात्याने नमुने घेतले, तर निघाला अँथ्रॅक्स, ज्याला आपले शेतकरी जनावरांतली फाशी म्हणतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत वायनाडमध्ये पाळलेली डुकरे मरू लागली. तिथे निघाला आफ्रिकन स्वाईन फिव्हर, म्हणजे डुकरांचा आफ्रिकन ताप. एक जिवाणू, एक विषाणू. नाकातून रक्त दोन्हीत येऊ शकते, जनावर दोन्हीत पटकन मरते, आणि बांधावर उभे राहून माझ्यासारखा जन्म या कामात घालवलेला माणूसही छातीठोकपणे यातले कोणते ते सांगू शकत नाही. फरक मात्र जिवावरचा आहे. फाशीने मेलेले जनावर कुणी फाडले, सोलले, तर रोग माणसाला होतो. आफ्रिकन ताप माणसाला होत नाही, पण पंचक्रोशीत पाळीव डुक्कर उरत नाही. त्यांत तिसराही एक आहे, साधा स्वाईन फिव्हर. तो आपल्या देशात १९४४ पासून, अलीगढच्या नोंदीपासून, माहीत आहे आणि त्याची लस आहे. दिसायला तोही तसाच. प्रयोगशाळेशिवाय हा गुंता सुटत नाही.

आफ्रिकन स्वाईन फिव्हरचे नाव काढले की लोकांना २००९ चा स्वाईन फ्लू आठवतो, पुण्यात तोंडाला रुमाल बांधून फिरणारी गर्दी आठवते. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. हा ताप गाई-म्हशीला होत नाही, शेळी-मेंढीला होत नाही, कुत्र्याला होत नाही. फक्त डुकराच्या जातीला होतो, आणि झाला की शंभरातली नव्वदच्या वर जनावरे दगावतात, बहुतेक आठ-दहा दिवसांत. औषध नाही. व्हिएतनामने लस बाजारात आणली आहे, आपल्याकडच्या दवाखान्यात ती नाही.

त्याची पहिली शास्त्रीय नोंद १९२१ ची, केनियातली. मग बराच काळ तो मुख्यतः आफ्रिकेत आणि युरोपच्या एका कोपऱ्यात राहिला. २००७ साली जॉर्जियात उतरला आणि तिथून सुटलाच. रशिया, २०१४ मध्ये पोलंड आणि बाल्टिक देश, २०१८ मध्ये चीन. भारतात तो २०२० साली आसाम आणि अरुणाचलात सापडला. भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने तो ओळखला. २०२२ मध्ये मिझोराम-त्रिपुराकडून त्याच्या बातम्या येतच होत्या, त्यांत केरळची भर पडली, मध्य प्रदेशातल्या रीवाची पडली, पंजाबातल्या पतियाळाची पडली. आणि जानेवारी २०२३ मध्ये तमिळनाडूतल्या मुदुमलाई व्याघ्र प्रकल्पात रानडुकरे मरून पडू लागली, नमुने तपासले, तर हाच विषाणू. व्याघ्र प्रकल्प होता, रोजची गस्त होती, म्हणून मढी दिसली आणि कळले. पेठ-सुरगाण्याच्या रानात हेच घडले तर कळायला काय वाट आहे?

रीवा कुठे, मुदुमलाई कुठे, असे म्हणून निवांत बसता येत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये स्वीडनमध्ये फागेर्स्टा नावाच्या गावाजवळ मेलेल्या रानडुकरांत हा रोग निघाला. त्याआधी जवळात जवळची लागण समुद्रापलीकडे, शेकडो किलोमीटरवर होती. डुक्कर पोहत आले नव्हते. कुणीतरी खाल्लेले, टाकलेले मांस हेच कारण धरले गेले. हा विषाणू गोठवलेल्या मांसात वर्षानुवर्षे टिकतो, खारवलेल्या-वाळवलेल्या मांसात काही महिने, रक्तात आणि हाडाच्या मगजातही महिनोन्महिने. मांस नीट शिजवले की मरतो. म्हणजे गाडीतून, डब्यातून, बुटांच्या तळव्याला लागून तो एका रात्रीत चार जिल्हे ओलांडतो, आणि मग जंगलात डुकरांच्या चालीने गावोगाव सरकतो. आपल्या शहराच्या मधून मुंबई-आग्रा रस्ता जातो, याच्यापुढे काही सांगायला नको.

जंगलात एकदा शिरला की तो मढ्यातून चालतो, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाच्या लक्षात नाही. तापाने फणफणलेले डुक्कर गारव्याला, पाण्याच्या कडेला जाऊन पडते. तिथे मरते. आठवड्याने त्याच कळपातली दुसरी डुकरे तिथे येतात, हुंगतात, भोवतालची माती नाकाने उकरतात, किडे खातात. मढे सडून सांगाडा उरला तरी खालची माती आणि हाडे धोक्याची असतात. म्हणून एक मढे वेळेवर उचलणे किंवा नीट पुरणे म्हणजे पुढची लागण तोडणे. आणि तेच मढे म्हणजे रोग आल्याची पहिली खबर.

कुणी म्हणेल, मग जिवंत डुकरे धरून त्यांचे रक्त तपासा. तपासावे, पण त्यावर विसंबू नये. या रोगात डुक्कर जगून वाचून रक्तात प्रतिपिंडे घेऊन फिरत बसत नाही, बहुतेक मरूनच जाते. शंभर धडधाकट डुकरांच्या रक्तातून जे कळत नाही ते आपोआप मेलेल्या एका डुकराच्या हाडातून कळते. युरोपात हे काम करणारे सगळे हेच सांगतात. मेलेले शोधा, प्रत्येकाचा नमुना पाठवा. मढे कुजलेले असले तरी चालते. पायाच्या लांब हाडातला मगज पीसीआरला पुरतो. शिवाय रानात पोट फाडून रक्त सांडायची गरजच नाही, आणि फाशीच्या शंकेने ते करूही नये. नाका-तोंडाचा किंवा रक्ताचा बोळा, कानाचा तुकडा किंवा एखादे हाड, दुहेरी पिशवी, बर्फ, चिठ्ठी, एवढेच लागते. चिठ्ठीवर जागा, तारीख, नर की मादी, अंदाजे वय. हे ज्याला लिहिता येते त्याला हे काम येते.

चेक प्रजासत्ताकात जून २०१७ मध्ये झ्लिन शहराच्या बाजूला मेलेल्या रानडुकरांत हा ताप सापडला. त्यांनी काय केले ते आपल्याकडे 'सरसकट मारा' म्हणणाऱ्यांनी जरूर वाचावे. आधी तिथे शिकार बंद केली. बंदुकीचे बार झाले की कळप फुटतो आणि रोग दहा दिशांना जातो. लागण झालेल्या पट्ट्याभोवती विजेचे आणि वासाचे कुंपण घातले. मढे शोधून देणाऱ्याला पैसे दिले. आतली बरीचशी डुकरे रोगाने आपापली मेली, मग उरलेली मारली. २०१९ मध्ये तो देश रोगमुक्त जाहीर झाला. बेल्जियममध्ये सप्टेंबर २०१८ मध्ये रोग निघाला. त्यांनी रान पिंजून आठशेच्या वर लागण झालेली मढी काढली, कुंपणे घातली, आणि २०२० मध्ये मोकळे झाले. पाळीव डुकरांत एकही लागण होऊ दिली नाही. आता ते श्रीमंत देश, त्यांची कुंपणे आपल्याला परवडणार नाहीत, हे मलाही कळते. आपल्या डोंगरात कुंपण घालतो म्हणणारा माणूस वाघेऱ्याच्या घाटातून पायी गेलेला नाही. पण मढ्याचा शोध आणि शोधणाऱ्याला दोन पैसे, याला कसली श्रीमंती लागते?

कायद्याचे एक सांगतो, कारण यात गंमत आहे. जनावरांतल्या संसर्गजन्य रोगांचा केंद्राचा कायदा २००९ चा आहे. त्यात मालकाने किंवा जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याने रोगाचा संशय आला की कळवायचे आहे. रानडुकराला मालक कोण? सगळे म्हणतात कुणी नाही. तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे ३९ वे कलम काढून बघावे. मेलेले सापडलेले वन्यजनावर ही राज्य सरकारची मालमत्ता. ज्याच्या हाती ते येते त्याने ४८ तासांत पोलीस ठाण्याला किंवा अधिकाऱ्याला कळवायचे. म्हणजे भाच्याच्या ओहोळातल्या डुकरिणीला मालक होता. मालक मंत्रालयात होता. आणि त्याच मालकाच्या घरातली दोन माणसे फोनवर 'माझी नाही, तुझी' म्हणत होती.

शिकार झाली आहे का, हा वनखात्याचा प्रश्न त्यांच्या जागी बरोबर आहे. तारेचा शॉक लावून डुकरे मारतात, गावठी बॉम्ब ठेवतात, त्यात गुरे जातात, माणसेही जातात. तो गुन्हा शोधणे त्यांचे काम. पण मग ज्या मढ्यात गुन्हा नाही ते मढे त्यांच्या डायरीत बसत नाही, आणि रोगाच्या दृष्टीने बघाल तर कामाचे मढे नेमके तेच. पिकाच्या नुकसानीमुळे परवानगी घेऊन जी डुकरे मारली जातात त्यांचेही तसेच. परवानगीचा कागद होतो, विल्हेवाटीचा कागद होतो. त्याच वेळी रक्ताची एक नळी भरायला काय हरकत आहे? मारलेल्या धडधाकट डुकरातून आफ्रिकन ताप सापडेलच असे नाही, पण साध्या स्वाईन फिव्हरचे, लाळ्या-खुरकुताचे चित्र तरी हाती येईल. लाळ्या-खुरकुतासाठी सरकार २०१९ पासून गाई-म्हशींच्या कानात बारा आकडी बिल्ला मारून वर्षातून दोनदा लस टोचते आहे. तीच गाय ज्या ओहोळावर पाणी पिते तिथे रात्री रानडुकरे लोळतात. डुकराला खुरकूत झाली की ते श्वासातून विषाणू बाहेर टाकते, आणि गाईपेक्षा कितीतरी जास्त टाकते. बिल्ले मारून झाले, ओहोळाचे काय?

हे काम आपल्याच्याने होणार नाही असे कुणी म्हणू नये. आम्ही बुळकांडीच्या, म्हणजे गुरांच्या रिंडरपेस्ट रोगाच्या, वेळी हेच केले आहे. लस बंद झाल्यावरही गावोगाव हिंडून विचारायचे, गेल्या काही महिन्यांत तोंडाला व्रण पडून, पातळ हगवण लागून मेलेले जनावर कुणी पाहिले का. पोलीस पाटलाला विचारायचे, बाजारात दलालाला विचारायचे, आणि सगळ्यांत आधी गुराख्याला. 'नाही' हे उत्तरसुद्धा तारखेसह लिहायचे. त्या कंटाळवाण्या 'नाही'च्या कागदांवर २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये सगळे जग. तेव्हा ना मोबाइल होता, ना फोटो. आज भाच्याकडे असलेल्या फोनमधून मढ्याचा फोटो आणि जागा दोन्ही मिनिटात जातात. फक्त कुणाकडे पाठवायचे ते ठरलेले नाही.

दुसरी आठवण नवापूरची, फेब्रुवारी २००६, बर्ड फ्लू. आमच्या विभागातून माणसे मागवली त्यांत मी होतो. पांढरा पोशाख, आत घामाने चिंब, शेडमध्ये धुरळा आणि पिसे, संध्याकाळी खड्ड्यांवर चुना. एका शेडचा मालक फाटकाबाहेर उभा राहून भरलेली पोती मोजत होता, कारण भरपाई नगावर मिळायची होती. मोजताना त्याचे ओठ हलत होते, आणि मधेच कुणी बोलले की पुन्हा पहिल्यापासून. रोगाची खबर उशिरा का लागते हे मला तिथे कळले. खबर देणाऱ्याचे आधी नुकसान होते. आफ्रिकन तापात लागण झालेल्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतली सगळी पाळीव डुकरे मारायची आहेत, दहा किलोमीटरपर्यंत पाहणी करायची आहे, असा केंद्राचा आराखडा आहे. भरपाईची तरतूदही आहे. पण आपल्या शहरात आणि तालुक्याच्या गावांत डुकरे पाळणारी कुटुंबे बघा. नाल्याकाठी पाल, कुठे नोंद नाही, सातबारा नाही, कित्येकांचे बँकेत खाते धड चालू नाही. त्यांना भरपाई कोणत्या कागदावर देणार? त्यांच्या डुकरांची मोजदाद आणि नोंद शांततेच्या काळात झाली पाहिजे. रोग आल्यावर मोजायला गेलात तर रातोरात डुकरे टेम्पोत भरून दुसऱ्या गावी जातील, आणि त्यांच्याबरोबर रोगही. त्यात त्या माणसांना नावे ठेवायचे मला कारण दिसत नाही. पोट हातावर असलेला कुणीही तेच करील.

गावठी आणि रानटी डुकरे वेगवेगळी राहतात हाही शहरातला समज. गावाबाहेर उकिरडा असतो, ढाब्यामागे खरकट्याचा ढीग असतो. संध्याकाळी तिथे गावातली डुकरे चरतात, उत्तररात्री रानातली येतात. घाटातल्या कुठल्याही ढाब्याच्या मागे बॅटरी मारून बघावे.

आणि आता सिंहस्थ. २०२७ साली त्र्यंबकेश्वर आणि नाशिकला लाखोंनी माणूस येणार. सिंहस्थात डुकराचे मांस कोण खाणार, असे म्हणाल तर बरोबर आहे, साधू-भाविकांकडून मला तसली भीती नाही. पण रस्त्याच्या कामावर देशभरातून मजूर येतात, मालाच्या गाड्या येतात, ढाबे वाढतात, खरकटे वाढते. त्याहून मोठा प्रश्न शहरातल्या मोकाट डुकरांचा. पाहुणे यायचे म्हटले की मोकाट डुकरे धरा अशी मागणी होणार, आणि ती रास्त आहे. गोदाकाठी डुकरे फिरलेली कुणालाच नको आहेत. पण धरलेली डुकरे जातात कुठे? ठेक्याच्या कागदावर 'शहराबाहेर' एवढेच असेल तर शहराबाहेर म्हणजे कुणाचे तरी शिवार, कुणाचे तरी रान. माझे म्हणणे एवढेच, की धरलेल्या प्रत्येक खेपेची नोंद व्हावी, त्यातल्या काही डुकरांचे रक्त घ्यावे, आणि एकही डुक्कर घाटात किंवा रानाच्या कडेला सोडले जाऊ नये. ही अट ठेक्यात आताच घालता येते. उद्या घालायला गेलात तर ठेका आधीच निघालेला असेल.

एक गोष्ट मात्र आपल्या जिल्ह्यात आधीपासून जमली आहे, ती सांगितली पाहिजे. हरसूलजवळ खोरीपाड्याला वनखात्याने गावकऱ्यांच्या मदतीने गिधाडांसाठी मेलेली ढोरे टाकण्याची जागा केली. कुणाचे जनावर मेले की निरोप जातो. मेलेल्या जनावराला आधी कोणते औषध टोचले होते हे विचारावे लागते, कारण डायक्लोफेनॅकने गिधाडे मेली आणि म्हणूनच २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झाले. म्हणजे त्या पट्ट्यातल्या माणसांना मेलेल्या जनावराची खबर देण्याची सवय आहे, तिचे मोल कळते, वनरक्षकाशी बोलणे आहे. मेलेल्या रानडुकराची खबर हा त्याच सवयीचा पुढचा टप्पा आहे. सुरुवात तिथूनच करावी. एक सावधगिरी मात्र हवी. कशाने मेले ते न कळलेले रानडुक्कर गिधाडांच्या जागेवर नेऊन टाकणे बरोबर नाही. आधी नमुना, मग मढे खोल पुरणे.

बाकी लागते ते फार नाही. पूर्व आणि पश्चिम दोन्ही वनविभागांच्या प्रत्येक परिक्षेत्र कार्यालयात एक पेटी ठेवावी, हातमोजे, बोळे, नळ्या, जाड पिशव्या, चुना, थर्मास. वनरक्षक बीटमध्ये फिरतोच, त्याच्या डायरीत 'मेलेले रानडुक्कर, कारण दिसत नाही' असा एक रकाना असावा. नमुना घ्यायला जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना बांधील असावा, जनावर पाळीव आहे की रानटी हे न विचारता. नमुना पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात जाईल, तिथून गरज पडली तर भोपाळला. आमच्या वेळी एस.टी.च्या ड्रायव्हरच्या पायाशी थर्मास ठेवून नमुने गेले आहेत, बर्फ वितळायच्या आत पोचले आहेत, त्यामुळे वाहन नाही ही सबब मला कुणी सांगू नये. खबर देणाऱ्या गुराख्याला, मोळी आणायला गेलेल्या बाईला, त्या दिवसाच्या मजुरीएवढे तरी पैसे मिळावेत. आणि तपासणीचा निकाल, काहीही निघो, तिला कळवावा. 'काही निघालं नाही' एवढा निरोप आला तरी ती पुढच्या वेळी पुन्हा खबर देते. निरोप आला नाही की पुढचे मढे तिला दिसत नाही.

बिबट्याचेही यात काही आहे. रानडुकरे एकदम कमी झाली तर रानातल्या बिबट्याने खायचे काय, आणि तो कुणाच्या गोठ्याकडे वळेल, याचा विचार निफाड-सिन्नरच्या उसातल्या लोकांनी करावा. तो विषय वेगळ्या पत्राचा आहे.

पत्र लांबले याची कल्पना आहे, कापावे लागले तर बुळकांडीचा भाग कापा, औंधचा आणि खोरीपाड्याचा ठेवा. माझी विनंती दोन्ही खात्यांच्या जिल्हा अधिकाऱ्यांना आहे. कारण न दिसता मेलेले रानडुक्कर सापडले तर १९२६ लावायचा की १९६२, आणि तिथून माणूस किती वेळात येणार, हे यंदाच्या सोंगणीच्या आधी आपल्याच पानावर दोन ओळींत जाहीर करावे. हे पत्र छापून आले तर त्याचे कात्रण दोन्ही कार्यालयांना स्पीड पोस्टाने पाठवणार आहे. पोच आली की आपल्याला कळवतो.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
दिंडोरी रोड, नाशिक
(जुने सहकारी अजून नोकरीत आहेत, म्हणून नाव छापू नये.)